घोरपडमाळाचं तिकीट

सरोजिनीबाईंच्या स्पॅनिशच्या क्लासात चूक करायची म्हणजे वाघाच्या जबड्यात हात घालायचा. कोथरूडमधल्या त्यांच्या राहत्या फ्लॅटच्या हॉलमध्येच क्लास चाले. दारावर पाटी होती, ‘उशीर झाला असल्यास उद्या यावे.’ त्या दिवशी बाईंनी फळ्यावर एका प्राण्याचं चित्र चिकटवलं. अंगभर खवले, लांब शेपूट, गळ्याखाली लोंबती पिशवी. “काय आहे हे?” बाईंनी विचारलं, आणि शेफालीच्या तोंडून फटकन निघून गेलं, “घोरपड!”

“अहो शेफाली,” बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, “घोरपड अंडी खाते, उंदीर खाते. ही बया पाला खाते. घोरपड आपली, ही पार समुद्रापलीकडची. हिला इग्वाना म्हणतात. आज हिला घोरपड म्हणालात, उद्या लांडग्याला मोती म्हणून हाक माराल.”

क्लास खो खो हसला. शेफालीही हसली, पण तिचे कान तापले होते. कर्वेनगरच्या कॉलेजातून ती नुकतीच कॉम्प्युटर शिकून बाहेर पडली होती. एका कंपनीने सांगितलं होतं की मेक्सिकोच्या कामासाठी स्पॅनिश येणारी माणसं हवीत, म्हणून हा खटाटोप. आता तिच्या तोंडून घोरपडच का निघाली, ते सांगायला हवं. कारण त्या महिन्यात तिच्या घरात उठता-बसता घोरपडच चालली होती.

शेफालीचे आजोबा रावसाहेब, घरातले आबा. वारज्याच्या माळवाडीत टेकडीखाली त्यांची जमीन. गाव महापालिकेत गेलं, पलीकडून हायवे आला, आणि ज्या जमिनीत ज्वारीसुद्धा नाक मुरडून उगवायची तिच्या बांधावर बिल्डर लोकांच्या गाड्या रांगेने उभ्या राहायला लागल्या. तलाठ्याच्या लेखी त्या जमिनीला फक्त गट नंबर होता. पण नंबराने कुणी जेवायला बोलावतं का शेतातून? प्रत्येक तुकड्याला नाव होतं. चिंचेचं, विहिरीचं, पांदीचं. आणि टेकडीला टेकलेला वरचा खडकाळ तुकडा, तो घोरपडमाळ.

तिथे एक काळा दगड होता आणि त्या दगडावर उन्हाला एक घोरपड येऊन बसायची. आबांची आई मुक्ताई पेरणीच्या वेळी त्या दगडाभोवती पाभर फिरवू द्यायची नाही. बैल वळतील एवढी जागा ती तशीच सोडायची. “तिला बी बसाया नगं का?” म्हणायची. मुक्ताई गेली, आबांनी औत धरलं, तरी ती जागा कधी पेरली नाही. आबांची बायको सोजरबाई नवी नवरी म्हणून पहिल्यांदा भाकरी घेऊन गेली, दगडावर ते धूड बघितलं आणि टोपली टाकून किंचाळत गावात पळत आली. अख्खी माळवाडी हसली होती. पुढे तीच सोजरबाई रोज दुपारी बांधावरून हाक मारायची, “अवं, घोरपडमाळावर हायसा का?” ती हाक थांबून आता नऊ-दहा वर्षं झाली होती. घोरपड तर त्याच्याही आधी कधीतरी दिसेनाशी झाली. राहिलं होतं नुसतं नाव, आणि ते घेणारे आबा.

म्हणून जमीन देताना आबांनी एकच अट घातली. वर जी काय इमारत उठेल, तिचं नाव घोरपडमाळ. बिल्डर श्रीनिवास हात जोडून म्हणाला, “बघू आबा, नक्की बघू.” आणि आबांनी सही केली.

इथेच घोटाळा झाला. माळवाडीत ‘बघू’ म्हणजे झालंच समजा. पुण्यात ‘बघू’ म्हणजे आता विषय बंद. सगळं आयुष्य पुण्याच्या वेशीला घालवलं, भाजी पुण्यात विकली, पण एवढी एक गोष्ट आबांना कुणी शिकवली नव्हती.

पाया खणून झाला, तेव्हा श्रीनिवास घरी आला. पलंगावर बसून चहाची बशी हातात घेत म्हणाला, “आबा, नावाचं जरा अवघड आहे. अहो, आयटीतली पोरं घरं घेणार. ती काय घोरपडीत राहायला येतील?”

“मान्सं घरात राह्यत्यात,” आबा म्हणाले, “नावात न्हाई.”

“तसं नव्हे. काही इतिहास असता तर गोष्ट वेगळी. सिंहगडाची ती घोरपड, दोर लावून वर गेली म्हणतात, तिचं काही नातं आहे का इथे? असेल तर सांगा, आपण गेटवर मावळा उभा करू.”

“न्हाई,” आबा म्हणाले. “ती कोन मला ठावं न्हाई. आमची साधी व्हती. दगडावर बसायची. बास.”

शेफालीचे वडील हिंदुराव कारखान्यात सुपरवायझर. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. “आबा, सोडा ना आता,” ते म्हणाले. “मुलीच्या सोयरिकीला लोक येतील, पत्ता काय सांगायचा, घोरपडमाळ?” आबा उठून बाहेर गेले आणि ओट्यावर पाठमोरे बसून राहिले. लहानपणी शेफालीला खांद्यावर बसवून त्या दगडापर्यंत नेणारा हाच माणूस होता.

आता हुशार पोरींचं एक असतं, त्यांना सगळ्यावर तोडगा सापडतो. शेफालीलाही सापडला. श्रीनिवास स्कूटरपाशी गेला तशी ती मागोमाग गेली आणि म्हणाली, “काका, इग्वाना कसं वाटतं? घोरपडीच्याच जातकुळीतली. दिसायला सारखी.”

श्रीनिवासने ते नाव दोनदा तोंडात घोळवलं. मग त्याचा चेहरा असा उजळला, जणू गल्ल्यात लक्ष्मी येऊन बसली. “इग्वाना हिल्स!” तो म्हणाला. “वा! पोरी, तू नोकरी कसली शोधतेस, माझ्याकडे ये.” दुसऱ्या दिवशी पेढ्यांचा पुडा आला. हिंदुराव खूश. शेफालीला वाटलं, सापही मेला आणि काठीही शाबूत. आबांना घोरपड मिळाली, बिल्डरला इंग्रजी मिळालं.

चकचकीत माहितीपत्रक छापून आलं, ते तीच आबांकडे घेऊन गेली. वर हिरवीगार इग्वाना, पाठीवर काटेरी तुरा, मागे निळं पाणी. आबांनी कागद लांब धरून बघितला, जवळ धरून बघितला.

“ही कोन?”

“आबा, ही घोरपडच. म्हणजे तिची लांबची बहीण. परदेशातली.”

“पाठीवर कंगवा फुटलाय हिच्या,” आबा म्हणाले. आणखी थोडा वेळ बघून त्यांनी कागदाची घडी केली. “शेफाले, आपल्या घरात कुनी वारली, तर तिच्या लांबच्या बहिनीचा फोटू लावतो का आपन?”

पेढ्याची चव एकदम कडू झाली म्हणतात ना, तसं झालं शेफालीचं.

“आन् ह्यो शबुद कुनाचा?” आबांनी विचारलं. “इंग्रजांचा?”

“विचारून सांगते,” ती म्हणाली.

सरोजिनीबाईंना तिने क्लास संपल्यावर भीतभीतच विचारलं. बाई फळा पुसत होत्या. त्या थांबल्या. क्लासात कधी न काढणाऱ्या आवाजात म्हणाल्या, “बसा. एवढ्या वर्षांत हे विचारणाऱ्या तुम्ही पहिल्या.”

मग त्यांनी सांगितलं. शब्द इंग्रजांचा नाही, खरं तर स्पॅनिश लोकांचाही नाही. त्यांची जहाजं पाचशे वर्षांपूर्वी पलीकडच्या बेटांना लागली, तेव्हा तिथे ताईनो नावाचे लोक राहत होते. मका पेरत, होड्या वल्हवत, झोळी बांधून झोपत. दगडावर ऊन खाणाऱ्या त्या प्राण्याला ते इवाना म्हणायचे. स्पॅनिश लोकांनी विचारलं, हे काय? त्यांनी सांगितलं, इवाना. त्याचं स्पॅनिशमध्ये इग्वाना झालं, तिथून इंग्रजीत, तिथून सगळ्या जगात. दुसरा काही अर्थ नाही. ज्यांच्या अंगणात तो प्राणी बसायचा, त्यांनी त्याला मारलेली ती हाक.

“आणि ते लोक?”

“जमीन गेली. खाणीत जुंपले, साथीचे रोग आले. दोन-तीन पिढ्यांत होत्याचं नव्हतं झालं. त्यांच्या रक्ताचे लोक अजून आहेत म्हणतात इकडेतिकडे, पण घरात ती भाषा बोलणारं कुणी उरलं नाही. शब्द तेवढे राहिले. झोळीचा, होडीचा, मक्याचा, आणि हा.” बाईंनी डस्टर टेबलावर ठेवला. “जा आता. उद्या भूतकाळाचे प्रत्यय पाठ करून या.”

शेफालीने घरी येऊन आबांना ओट्यावरच सगळं सांगितलं, अगदी शेंगदाणे निवडून द्यावेत तसं एकेक करून. आबा विडीसुद्धा पेटवायची विसरले. त्यांनी समोरच्या क्रेनकडे बघितलं. मग म्हणाले, “म्हंजी बघ. त्येंची मान्सं गेली, पर शबुद राह्यला. आमी मान्सं हितंच हाओत, जिती, आन् आमचा शबुद चाललाय.”

शेफालीला रडू कोसळलं. “आबा, मी केलं हे. मला वाटलं तुम्हाला बरं वाटेल.”

“रडू नगं,” आबा म्हणाले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. “एक सांग. त्यो इवाना शबुद राह्यला कसा? कुनी पाटीवर लिवला व्हता का?”

“नाही. लोक बोलत राहिले म्हणून.”

“मंग झालं तर,” आबा म्हणाले, आणि त्यांनी विडी पेटवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी धोतर-पैरण-टोपी घालून आबा बाहेर पडले आणि डेक्कनला जाऊन तिथून परत माळवाडीच्या बसमध्ये चढले. काम काही नव्हतं. कंडक्टर सुखदेव, मूळचा वाशीमकडचा, उंचापुरा, आवाज असा की बसचा हॉर्न लाजावा. तो चिमटा वाजवत आला. “कुठं, आजोबा?”

“एक घोरपडमाळ.”

“काऊन हो, असा स्टॉपच नाही.”

“हाय.”

“कुठं हाय? वारजे जकात नाका, मग पाण्याची टाकी, मग माळवाडी.”

“टाकीपाशी जी जागा हाय, ती घोरपडमाळ. टाकी काल आली.”

“मंग टाकी म्हणा ना बाप्पा!”

“टाकीत मला काय पवायचंय? घोरपडमाळ दे.”

बस हसली. सुखदेवने कपाळाला हात लावला आणि टाकीचं तिकीट फाडून दिलं. आबांनी ते घेतलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “हां. घोरपडमाळ.”

त्या दिवसापासून हे रोजचं झालं. ऊन असो, पाऊस असो, आबा मंडईच्या नाहीतर डेक्कनच्या निमित्ताने जायचे आणि येताना तिकीट मागायचे, एक घोरपडमाळ. हिंदुरावांनी डोकं आपटून घेतलं. सुखदेव कधी चिडायचा, कधी आबा दिसताच दुसऱ्या टोकाला तिकिटं फाडायला निघून जायचा. पण आबा उतरायच्या दाराशी उभे राहून विचारायचे, “घोरपडमाळ आला का?” बाकीच्या म्हाताऱ्यांना जोर चढला. माळवाडीच्या भाजीवाल्या बायका तर आधीपासून तेच नाव घ्यायच्या, फक्त बसमध्ये घ्यायला लाजायच्या. आता त्याही मागायला लागल्या, दोन घोरपडमाळ, आणि एक अर्धं.

शेफालीला तोवर नोकरी लागली होती. संध्याकाळी तिच्या बसमध्ये ऑफिसातली पोरं-पोरी असायची, गळ्यात ओळखपत्रं लटकवलेली. पहिल्यांदा तिकीट मागताना तिने आधी आजूबाजूला बघितलं. मग तिला ओट्यावरचे आबा आठवले. “एक घोरपडमाळ!” ती इतक्या मोठ्याने म्हणाली की पुढच्या सीटवरचा पोरगा दचकला. “व्हॉट इज दॅट, यार?” त्याने विचारलं. “माझं गाव,” शेफाली म्हणाली. सुखदेवने तिच्याकडे निरखून बघितलं.

“त्या म्हाताऱ्याची नात का तू?”

“हो.”

“तरीच! अख्खं खानदानच घोरपडीवाणी चिकट हाय,” तो म्हणाला, पण हसला. आणि टाकी जवळ आल्यावर, बहुधा कंटाळून, बहुधा तेवढाच चाळा म्हणून, त्याने पहिल्यांदा ते ओरडून टाकलं. “चलाऽऽ घोरपडमाळ, घोरपडमाळ!”

शेफाली घरी पळत गेली. आबांना सांगितल्यावर त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. डोळे पुसले, आणि ते लपवलंही नाही. “सोजरनंतर पयल्यांदा कुनी हाक दिली,” ते म्हणाले.

इमारत उभी राहिली. गेटवर सोनेरी अक्षरात इग्वाना हिल्स लागलं, माणसं राहायला आली, नागपूरची, लातूरची, कुठली कुठली. काळा दगड पार्किंगखाली गेला. आबांनी त्यांच्या वाटणीच्या फ्लॅटमध्ये राहायला नकार दिला नाही. “चांगला हाय, हवा येती,” म्हणाले. पण पत्ता विचारला की अजून तेच.

मग कंपनीने शेफालीला मेक्सिकोला पाठवलं. तिथे एका रविवारी समुद्रकाठच्या पडक्या भिंतीवर तिला खरी इग्वाना दिसली. डोळे मिटून ऊन खात होती, जगाचं काही देणं नसल्यासारखी. शेफालीने तिथूनच घरी फोन लावला. “आबा, बसलीय बघा समोर. कंगवेवाली.”

“दगडावर हाय का?”

“हो, दगडावरच.”

“मंग बसू दे,” आबा म्हणाले. “तिला म्हनावं, आमच्याकडची व्हती ती बी अशीच बसायची.”

ते त्यांचं शेवटचं बोलणं. पुढच्या महिन्यात दुपारी जेवून आडवे झाले ते आबा उठलेच नाहीत. व्हिसा, तिकीट, हे आणि ते, शेफाली पोहोचली तेव्हा तेरावंही होऊन गेलं होतं. घरात शिरताना तिला हुंदका आला नाही. भिंतीवर फोटो होता, खुंटीवर टोपी होती, तरी आला नाही. आईने घाबरून दोनदा विचारलं, बरी आहेस ना.

चार दिवसांनी ती सरोजिनीबाईंना भेटायला कोथरूडला गेली. बाई थकल्या होत्या, पण त्यांनी तिच्या एका क्रियापदातली चूक काढलीच. निघताना म्हणाल्या, “तुमचे आजोबा एकदा आले होते इथे. म्हणाले, नातीला शब्द कुणाचा ते सांगितलंत, उपकार झाले. पिशवीभर वांगी देऊन गेले.”

शेफाली बसमध्ये चढली. संध्याकाळची गर्दी, बस नवी, कंडक्टर नवा. पंचविशीचा, केसांना जेल लावलेला. सुखदेवची कुठल्यातरी दुसऱ्या डेपोला बदली झाली होती म्हणे. कंडक्टर तिच्यापाशी आला आणि तिला कळलं की ते नाव आपल्याला उच्चारता येणार नाही. तोंडातून निघालं की बांध फुटेल, एवढ्या लोकांत. म्हणून तिने मान खाली घालून सांगितलं, “एक इग्वाना हिल्स.”

“असा स्टॉप नाही, मॅडम.”

तिने वर बघितलं. “अहो, मोठी इमारत आहे. गेटवर सोनेरी पाटी आहे.”

“असेल की. इमारती ढिगानं झाल्यात. मी पाट्या वाचत फिरू का? स्टॉप सांगा.”

मागच्या सीटवरची बाई पुढे वाकली. बोलण्यावरून नागपूरकडची वाटत होती. “अहो, ते घोरपडमाळापाशी आहे ना, ते म्हणतेय ती,” ती कंडक्टरला म्हणाली. “मी तिथेच राहते.”

“मग घोरपडमाळ म्हणा ना, मॅडम,” कंडक्टर म्हणाला. “उगाच घोळ कशाला?”

शेफालीने पैसे पुढे केले. मग हळूच तिने विचारलं, “तिथे घोरपड होती का हो?”

“काय माहीत. मी कधी बघितली नाही.” त्याने खांदे उडवले आणि मशीनवर बोट ठेवलं. “असणारच. त्याशिवाय का लोक नाव घेतात? देऊ ना?”

इतके दिवस अडकलेलं सगळं एकदम वर आलं. शेफाली भर बसमध्ये हसत हसत रडायला लागली. मागची बाई पर्समधून रुमाल काढू लागली, कंडक्टर गांगरून सुट्टे पैसे मोजू लागला.

“द्या,” शेफाली म्हणाली. मग तिने डोळे पुसले आणि आबा म्हणायचे तसं, सगळ्या बसला ऐकू जाईल असं म्हणाली, “एक घोरपडमाळ.”